हेडिंग्लेहून भाच्यास

लीड्स

चि. बाळूस,


रविवारी फोनवर तू म्हणालास, "मामा, मला डावललं ना? आता माझी पोरं तयार करून दाखवतोच त्यांना." तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही. राज्याच्या कबड्डी संघातून तुझं नाव कापलं गेलं तो अन्यायच होता, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण आता मंडळाने सतरा पोरं तुझ्या हाती दिली आहेत. म्हणून पत्र लिहितोय. फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस.

तुझ्या लेखी हेडिंग्ले म्हणजे क्रिकेट, १९८६ साली वेंगसरकरांनी ६१ आणि नाबाद १०२ काढल्या ते मैदान. त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं मैदान आहे, रग्बी लीगचं. तेरा-तेरा जणांचा खेळ. चेंडू छातीशी धरून धावत येणाऱ्याला अंगावर जाऊन पाडायचं. ज्याने मातीत पकडी केल्या आहेत त्याला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो. मुळात खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्यांचा खेळ. सामन्यापायी बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही, या वादावरून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले, त्यातून तो उभा राहिला. याच मैदानावर १९६३ ते १९६८ रॉय फ्रान्सिस लीड्सचा प्रशिक्षक होता.

रॉय वेल्समधल्या ब्रिनमॉरचा, कृष्णवर्णीय. सतराव्या वर्षी विगन क्लबात आला, विंगवर खेळायचा. युद्धात लष्करात कवायतीचा शिक्षक झाला. १९४६ मध्ये ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा रॉयला वगळलं. खेळात कमी होता म्हणून नव्हे. ऑस्ट्रेलियात तेव्हा फक्त गोऱ्यांनाच थारा द्यायचं धोरण होतं, कातडीचा रंग आड आला. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध त्याला देशाकडून एकच कसोटी मिळाली. तिच्यात त्याने दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला, आणि तरीही पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. तुझं दुःख मी लहान करत नाही, बाळू. पण एवढं पचवून हा माणूस शिकवायला उभा राहिला, तेव्हा त्याने काय केलं ते बघ.

हल क्लबात तो खेळता खेळता प्रशिक्षक झाला आणि १९५६ व १९५८ मध्ये त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. ब्रिटनमधला व्यावसायिक संघाचा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव घेतात. त्या काळात तो सामन्यांचं चित्रण करून खेळाडूंना दाखवायचा. धिप्पाड फॉरवर्डना वेगाच्या धावा मारायला लावायचा. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. खेळाडूच्या घरी काय चाललंय, बायको नव्या गावात रमली की नाही, याची तो चौकशी ठेवायचा. बाहेरगावच्या सामन्यांना खेळाडूंच्या बायकांना नेण्याची सोय करायचा. आपल्याला कुणी नीट बघितलं नाही हे ज्याने सोसलं, त्याने समोरच्याला नीट बघायचं ठरवलं, असं मी समजतो.

११ मे १९६८ ला वेम्बलीवर चॅलेंज कपची अंतिम लढत होती, लीड्स विरुद्ध वेकफील्ड ट्रिनिटी. पावसाने मैदानाचं तळं झालेलं. लीड्सकडून गोल मारत होता बेव्ह रिसमन. त्याचे वडील गस रिसमन हे १९४६ च्या त्या दौऱ्याचे कप्तान. ज्या संघातून रॉयला वगळलं, त्याच संघाच्या कप्तानाचा मुलगा बावीस वर्षांनी रॉयच्या हाताखाली खेळत होता. रॉयने मनात जुनी खातेवही उघडी ठेवली असती, तर त्या पोराकडे तो स्वच्छ नजरेने बघू शकला असता का?

शेवटच्या क्षणी लीड्स ११-१० ने पुढे. वेकफील्डच्या डॉन फॉक्सला खांबांच्या अगदी समोरून एक किक मारायची होती. दोन गुण, म्हणजे कपच. त्याने चेंडू ठेवला, धावला, आणि पाण्यात पाय सरकून किक भलतीकडे गेली. लीड्स जिंकलं. फॉक्स तिथेच चिखलात खाली बसला. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्या दिवशी त्याचीच निवड झाली होती.

तो चिखलात बसलेला माणूस आठवला की मला दिवाळीत तुझ्या मैदानावर बघितलेलं ते बारा वर्षांचं पोर आठवतं. डाव्या कोपऱ्यावर होतं. घोटा धरायला एक क्षण उशीर झाला आणि गडी सुटला. तू सगळ्यांदेखत ओरडलास, "असल्या पकडीवर जिल्हा तरी खेळशील का?" ते काही बोललं नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिलं आणि पुढच्या दोन चढायांना जागचं हललंच नाही. पकड चुकली म्हणून तू चिडला नव्हतास, बाळू. तुला त्याच्या जागी निवड समिती दिसत होती. त्या पोराला तुझ्या निवडीशी काय देणंघेणं? ते चुलीवरचा चहा पिऊन, पाच वाजता सायकल मारत येतं.

तेव्हा आधी त्याला बाजूला घे. आदल्या रात्री काय जेवला ते विचार. मग घोट्यावर हात कधी टाकायचा ते हळू करून दाखव, दहा वेळा, न ओरडता. गड्याचा पाय जमिनीला टेकतो तो क्षण तुझ्याइतका चांगला कुणी ओळखत नाही, आणि हे तुला कुठल्या समितीने दिलेलं नाही. शक्य झालं तर कुणाच्या तरी मोबाइलवर सराव चित्रित कर. त्याची चूक दाखवायच्या आधी त्याची एक चांगली पकड दाखव.

गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस, थंडीत तो आखडतो. ताईला म्हणावं, मेतकूट पोचलं. आणि ते डाव्या कोपऱ्यावरचं पोर पुन्हा कधी घोट्याला गेलं, ते मला त्याच दिवशी कळव.

तुझा,
मामा