प्रोसेसरचा वेग कोणी ठरवायचा?

मुक्ताईनगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चे अपडेट बंद झाले आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्यायचं काम एकदम वाढलं. त्यासोबत एक तक्रारही वाढली : "भाऊ, मशीन कधी पळतं, कधी रांगतं." त्या तक्रारीच्या मागे लागून जे हाती आलं, ते लिहितो.

१. खोक्यावर छापलेले गिगाहर्ट्झ सतत मिळत नसतात, आणि मिळूही नयेत. लिनक्सच्या कर्नलमध्ये गव्हर्नर नावाचा भाग असतो, तो वेग क्षणाक्षणाला कमीजास्त करतो. 'परफॉर्मन्स' वरच्या टोकाला धरून ठेवतो, 'ऑनडिमांड' आणि 'शेडयुटिल' काम पाहून ठरवतात. गिऱ्हाईक वेग खाली दिसला की घाबरतं. पडद्यावर नुसतं पत्र उघडं असताना वेग खाली असणं म्हणजे मशीन धडधाकट आहे.

२. काम ज्याला दिसतं त्यानेच वेग ठरवावा. हे समजायला मला सर्वात जास्त वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'ऑनडिमांड' २००४ सालचा, कर्नल २.६.९मधला. तो ठराविक वेळाने डोकावून प्रोसेसर किती व्यस्त होता ते मोजायचा. केळीच्या बागेत मालक तासातासाने चक्कर मारून किती मजूर बसलेत ते मोजतो, तशी ही तऱ्हा. टोळीच्या मुकादमाला मात्र कुठला घड कापून झालाय, कोण रिकामा आहे, ट्रक कधी लागणार, हे सगळं ठाऊक असतं. कर्नलमधला हा मुकादम म्हणजे शेड्युलर. कोणत्या कामाला कधी प्रोसेसर द्यायचा हे तोच ठरवतो. मग त्याला विचारायचं सोडून वेगळी मोजणी कशाला?

राफाएल विसॉकी यांनी २०१६ साली कर्नल ४.७मध्ये आणलेला 'शेडयुटिल' नेमका शेड्युलरलाच विचारतो. शेड्युलर प्रत्येक कामाच्या भाराचा हिशेब ठेवतो. त्यात ताज्या भाराला वजन जास्त. ३२ मिलिसेकंद जुन्या भाराचं वजन निम्म्यावर येतं. त्या हिशेबाच्या सव्वापट धरून वेग निघतो. ३.२ गिगाहर्ट्झच्या चिपवर एकूण क्षमतेच्या ४० टक्के काम असेल, तर वेग १.६ गिगाहर्ट्झ. भार ८० टक्क्यांवर गेला की पूर्ण वेग. ती सव्वापट मला फार आवडते. अचानक काम आलं तर हाताशी थोडी जागा राहते.

३. 'पॉवरसेव्ह' दिसलं म्हणून लगेच बदलू नका. साध्या ड्रायव्हरवर त्याचा अर्थ कायम सर्वात कमी वेग. इंटेलच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर मात्र याच नावाखाली भारानुसार वर-खाली चालू असतं, आणि सहाव्या पिढीपासूनच्या बऱ्याच चिपा बारीक निर्णय स्वतःच घेतात. नाव वाचायच्या आधी ड्रायव्हर कोणता ते पाहावं.

४. लोडशेडिंगच्या दिवसांत लोक म्हणतात, "सगळ्यात कमी वेगावर ठेव, बॅटरी टिकेल." अर्धंच खरं. वीज वेगाच्या प्रमाणात लागते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग उतरला की व्होल्टेजही उतरतं, खरी बचत तिथे. पण व्होल्टेजला तळ असतो. तळ गाठल्यावर वेग आणखी उतरवला तर काम तेवढंच लांबतं आणि पडदा, डिस्क, रॅम तेवढा वेळ जास्त वीज खातात. त्यापेक्षा काम उरकून प्रोसेसर झोपलेला बरा.

५. गव्हर्नरच्याही वर कोणीतरी आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, दुकानात कूलर लावला तरी हवा ओलसर आणि धूळ तीच. पंख्याच्या जाळीवर तिचा थर बसतो, थर्मल पेस्ट वाळून खडी होते, आणि चिप शंभर अंशांच्या जवळ गेली की हार्डवेअर कोणाला न विचारता वेग पाडतं. तिथे गव्हर्नर बदलून काही होत नाही, ब्रश आणि नवी पेस्ट लागते.

याहून चकवणारी गोष्ट वेगळी आहे. दाखल्यांच्या गर्दीच्या दिवसांत एका सेवा केंद्रवाल्याचा लॅपटॉप आला. बाहेर विद्यार्थ्यांची रांग, हा कपाळ पुसतोय. गव्हर्नर बरोबर, तापमान पन्नाशीत, पण चारही कोर ८०० मेगाहर्ट्झवर खिळलेले. कितीही काम टाका, आकडा हलत नाही. मी अडॅप्टर हातात घेतला : बाजारातला स्वस्त नकली. काही लॅपटॉपांना अडॅप्टर ओळखता आला नाही की बोर्डच प्रोसेसरला संकेत देतो, आणि तो तळाला जाऊन बसतो. दुकानातला अस्सल अडॅप्टर लावून मशीन पुन्हा चालू केलं, आकडा अडीच गिगाहर्ट्झच्या वर. तेव्हापासून मंद मशीन आलं की मी आधी चार्जर मागतो. नुसता लॅपटॉप बगलेत मारून येणाऱ्याला परत घरी पाठवतो, तो चिडतो.

६. सरकारी पोर्टल फिरत बसलं तर प्रोसेसरला शिव्या देऊ नका. तो त्या वेळी रिकामाच असतो, उत्तराची वाट पाहत.

७. मोबाइलमध्ये हाच विचार आणखी पुढे गेलाय. लहान-मोठे कोर असतात, आणि काम कोणत्या कोरवर किती वेगाने केलं तर वीज कमी लागेल हे शेड्युलरच जोखतो. कर्नलच्या मुख्य धारेत हे २०१९ साली ५.० आवृत्तीत आलं. भावाची चौकशी करायला भर उन्हात बागेतून फोन लावणाऱ्या केळीवाल्याला याची खबरही नसते.

८. तरी आपल्या हातात एक गोष्ट राहते : वरची मर्यादा. टर्बोच्या, म्हणजे मूळ वेगाच्या वर चढण्याच्या, शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज भराभर चढतं, उष्णता खूप आणि फायदा थोडा. म्हणून एप्रिल-मेमध्ये जुन्या लॅपटॉपांचा टर्बो मी बंद करून देतो आणि खालचं सगळं शेड्युलरवर सोडतो. पाऊस पडला की गिऱ्हाईक येऊन चालू करून घेतं. बरेचसे तर विसरूनच जातात आणि मशीन छान चालतंय म्हणून सांगतात.