पंगतीतील एक वाक्य

मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या मंगल कार्यालयात लग्नाची पंगत बसलेली असते. पुष्कळ दिवसांनी भेटलेली मावशी भाचीला म्हणते, "केवढी जाड झालीस गं! आता जरा जेवण आवर." भोवतालची मंडळी हसतात आणि विसरून जातात. मावशीची माया खरी असते, यात शंका नाही. परंतु भाची ते वाक्य विसरत नाही. तिने पानातील जिलबी बाजूला सारली, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

बारा ते सोळा या वयात उंचीबरोबर वजन वाढणे, हा वाढीचाच भाग होय. तथापि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जाहिरातींच्या फलकांवर, आणि आता हातातील मोबाइलवरही, सडपातळ बांध्याचाच गौरव चाललेला असतो. अशा चित्रांचे सामर्थ्य फिजी बेटांवर दिसून आले. तेथे भरदार शरीर हे प्रेमाने सांभाळ होत असल्याचे लक्षण मानीत. १९९५ साली तेथील नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा शेकडा ७४ मुलींना आपण जाड आहोत असे कधी ना कधी वाटत होते.

चित्रे तर सर्वच पाहतात. आजारी थोडेच पडतात. जिला स्वतःची एकही चूक सहन होत नाही, जिला सतत चिडवले जाते, तिला ताटातील अन्न एवढेच आपल्या ताब्यात आहे असे वाटू लागते. काही घराण्यांत हा कल रक्तातूनही येतो. मुलगेही यातून सुटलेले नाहीत; पीळदार दंडांच्या हव्यासापायी त्यांचेही खाणे बिघडते.

लोक याला नखरे म्हणतात. हा अन्याय आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते चिडखोर व एकलकोंडे झाले. अन्नावाचून त्यांना दुसरा विचार सुचेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचीत बसत! उपासमार मनालाही असे जखडते. मग "जेव की गं" एवढे म्हटल्याने ती गाठ सुटत नाही. तेथे डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञच हवेत, आणि घरच्यांची सोबत हवी.

वर्गातील मैत्रीण डबा रोज न उघडताच परत नेत असेल, तर आधी तिच्याशेजारी बसावे आणि मग बाईंच्या किंवा तिच्या आईच्या कानावर घालावे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्या फोनला पैसे पडत नाहीत.