गाडी का तापते?

मुलांनो, तुम्हाला ताप आला म्हणजे डॉक्टर काय करतात? ते लगेच औषध देत नाहीत. आधी नाडी पाहतात, चार प्रश्न विचारतात आणि मग रोग ओळखतात. मोटारीचे इंजिनही तापते. त्याचा रोगही असाच ओळखावा लागतो.

समजा, मे महिन्याची दुपार आहे. तुम्ही चाचांच्या जुन्या जीपमधून मुंबईहून नाशिकला निघाला आहात. कसारा घाटाचा चढ सुरू होतो. अचानक चाचांसमोरच्या तबकडीचा काटा लाल खुणेकडे सरकतो. बॉनेटमधून वाफ येऊ लागते. चाचा गाडी रस्त्याच्या कडेला घेतात, इंजिन बंद करतात आणि चाकामागे दगड लावतात. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन धावता. चाचा ओरडतात, "थांब बेटा! झाकणाला हात लावू नकोस."

ते असे का म्हणाले? इंजिनात इंधन जळते. त्याच्या उष्णतेचा काही भाग गाडी चालवण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेने इंजिन तापते. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवलेले असते. पंप हे पाणी फिरवतो. गरम पाणी रबरी नळीतून रेडिएटरमध्ये जाते. तेथे वाऱ्याने व पंख्याने ते निवते आणि परत इंजिनाकडे येते.

रेडिएटरचे झाकण घट्ट असते. त्यामुळे आत दाब वाढतो व पाणी १०० अंशांवर गेले तरी लगेच उकळत नाही. झाकण उघडताच दाब एकदम कमी होतो. मग पाणी क्षणात उकळून बाहेर उसळते आणि हात, तोंड भाजते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतले, तर धातूला तडाही जाऊ शकतो. म्हणून पहिले औषध सबुरी! तुमच्या उर्दूतील 'सब्र' या शब्दाचीच ही बहीण.

इंजिन पुरते निवल्यावर चाचा एकेक गोष्ट तपासतात. तुम्हीही पाहा. गाडीखाली पाणी सांडले आहे का? मग नळी किंवा रेडिएटर गळत असेल. पंखा व पंप फिरवणारा पट्टा तुटला आहे का? मग पाणी फिरणारच नाही. रेडिएटरच्या जाळीत चिखल अडकला आहे का? मग वारा आत जाणार नाही. गाडी उभी असताना तापते, पण वेगाने धावताना तापत नाही, असे होते का? मग पंख्यावर संशय घ्यावा. इंजिनाचे तेल दुधासारखे दिसते का? मग तेलात पाणी मिसळले आहे. अशी गाडी मुळीच चालवू नये, मिस्त्रीला बोलवावे.

चाचांच्या जीपची नळी टोकाशी चिरली होती. त्यांनी तेवढा तुकडा कापला, नळी पुन्हा घट्ट बसवली आणि मगच पाणी भरले. नुसते पाणी भरून ते निघाले असते, तर पुढच्या वळणावर गाडी पुन्हा तापली असती.

मुलांनो, वाफ ही रोगाची खूण आहे. रोग कोठे आहे, ते शांतपणे शोधावे लागते.

स्वाध्याय

१. चाचांनी झाकणाला हात का लावू दिला नाही?
२. इंजिनातील पाणी कोठून कोठे फिरते?
३. गाडी तापण्याची तीन कारणे लिहा.
४. 'सबुरी' हा शब्द वापरून एक वाक्य तयार करा.