जॉब कार्डावरची ती ओळ

‘मॅडम, घाटात रेंज कमी होणारच’ हे वाक्य आणखी एकदा ऐकलं तर माझ्या हातून काय होईल सांगता येत नाही. रेंजचा प्रश्नच नव्हता. खंबाटकी चढताना माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या मीटरवर निम्म्याच्या जवळपास चार्ज दिसत होता. अचानक लाल इशारा आला, ॲक्सिलरेटर मेला आणि मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न सुरू झाले. गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. पण शोरूममधला प्रत्येक जण बोलणार आमच्या ह्यांच्याशी. ‘सर, मॅडमना जरा इको मोडची सवय करायला सांगा.’ ह्यांना गाडी चालवताच येत नाही.

मग तेच चक्र. गाडी टो करून न्यायची, ठेवून घ्यायची, ‘अपडेट मारलंय, आता काही होणार नाही’ म्हणून परत द्यायची. अशाच एका खेपेला सहीसाठी पुढे सरकवलेलं जॉब कार्ड मी चष्मा लावून वाचलं. मी सांगितलं होतं, ‘चढावर चालती गाडी बंद पडते.’ तक्रारीच्या रकान्यात छापलं होतं, ‘जनरल चेकअप, रेंजबद्दल शंका.’ त्याखाली ‘दोष आढळला नाही.’ त्याखाली ‘कामाबद्दल समाधानी’, आणि तिथे फक्त माझी सही बाकी. अंगाचा तिळपापड झाला. गाडी दुरुस्त होतच नव्हती, तिची फाईल दुरुस्त होत होती! विचारलं तर ॲडव्हायजर म्हणतो, ‘सिस्टिममध्ये तेवढेच ऑप्शन येतात.’ मी पेन काढलं, खरी तक्रार मराठीत लिहिली, ‘दोष कायम, समाधान नाही’ असं लिहून तारखेसह सही ठोकली आणि फोटो काढला. ‘असं चालत नाही मॅडम,’ तो म्हणाला. पुढे ग्राहक आयोगात तोच कागद चालला.

तेव्हा जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत हवी: किलोमीटर, चार्जची टक्केवारी, स्क्रीनवरचा इशारा जसाच्या तसा. एरर कोडची प्रिंट आणि बॅटरीच्या एसओएचचा, म्हणजे तिच्या तब्येतीचा, रिपोर्ट ईमेलने मागा. देत नाहीतच, पण मागितल्याचा पुरावा राहतो. फोनवर काही कबूल केलं तर लगेच ‘आपलं बोलणं झाल्याप्रमाणे’ असा मेल टाका. बॅटरी पॅक बाहेरच्या मेकॅनिकला उघडू देऊ नका, वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं निमित्त मिळतं.

आपल्याकडे अमेरिकेसारखा ‘लेमन लॉ’ नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचं, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, आणि ‘पुढच्या अपडेटची वाट बघा’ म्हणत हे लोक नेमकी तीच मुदत खातात. १९१५ या हेल्पलाईनवर तक्रार जरूर नोंदवा, पण ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही.

कंपनीच्या वकिलाचा पहिला सवाल असतो, ‘उत्पादनातला दोष सिद्ध करा.’ आपण कुठून करणार? म्हणून कलम ३८ खाली योग्य प्रयोगशाळेकडून तपासणीची मागणी आयोगाकडेच करावी. ती फी आधी आपल्यालाच भरावी लागते, हे मला अजून खुपतं. पण तज्ज्ञ अहवालाशिवाय वाहनांची प्रकरणं लंगडी पडतात. नुसती ‘रेंज जाहिरातीएवढी मिळत नाही’ ही तक्रार त्याहून लंगडी.

अख्खी गाडीच बदलून द्या, एवढ्यावर अडून बसू नका. सदोष भाग बदलून भागत असेल तर गाडी बदलून देण्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका प्रकरणात म्हटलंय. म्हणून मागण्या पर्यायी लिहा: गाडी बदलून, नाहीतर व्याजासह पैसे, नाहीतर नवा पॅक आणि भरपाई. उत्पादक आणि डीलर दोघांनाही सामनेवाले करा, आणि कोणी काय केलं ते वेगवेगळं मांडा. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुन्या वर्षाची गाडी दिली होती. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्पादकाला त्यातून सोडलं, कारण त्याच्याविरुद्ध नेमकं काही सिद्ध झालं नव्हतं.

रागाच्या भरात हप्ता थांबवू नका, सिबिल आपलंच बिघडतं. डोकं शांत ठेवा असंही सगळे सांगतात. मला जमलं नाही.

माझ्या बाजूने निकाल लागलाय: नवा पॅक आणि भरपाई. कंपनी अपिलात गेली आहे. त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे तिला आधी भरावे लागले, हा कायदा करणाऱ्याचं भलं होवो. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली असं नसतं. डीलरचा माणूस फोनवर तसं भासवतो, तेव्हा त्याला स्थगितीच्या आदेशाची प्रत मागा.