तेलकट त्वचा आणि फाउंडेशनची निवड

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. मुंबईचा घाम आणि चेन्नईचा उकाडा येथे नाही; त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने नव्याने आलेल्या तरुणीला असे वाटणे स्वाभाविक आहे की, या हवेत आपला चेहरा आपोआप नितळ राहील. पण मार्च ते मे या महिन्यांत येथेही दुपारचे तापमान तेहेतीस-चौतीस अंशांपर्यंत चढते. शिवाय रस्त्यावरील धूळ, हेल्मेटच्या आत साचणारा घाम आणि त्यानंतर कचेरीतील वातानुकूलित कोरडी हवा, अशा तीन निरनिराळ्या हवामानांतून एकच चेहरा एका दिवसात जातो. सकाळी आठ वाजता आरशासमोर काळजीपूर्वक लावलेले फाउंडेशन दुपारच्या जेवणापर्यंत नाकाच्या दोन्ही बाजूंना चकाकू लागते, कपाळावर त्याला भेगा पडतात आणि हनुवटीवरचे जे डाग झाकण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते पुन्हा वर येतात. मग दोष बाटलीला दिला जातो आणि दुसरी, अधिक दाट बाटली विकत आणली जाते. चूक बहुधा येथूनच सुरू होते.

चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ, नाक व हनुवटी या भागांत तैलग्रंथी दाटीने असतात. त्यांतून पाझरणारा स्निग्ध स्राव त्वचेला आवश्यकच आहे. तारुण्यात अँड्रोजेन या गटातील संप्रेरकांमुळे तो वाढतो, आणि त्वचेचे तापमान वाढले तरीही वाढतो. हा स्राव आणि मृत पेशी यांनी केशकूपाचे तोंड बुजले की काळे वा पांढरे ठिपके दिसू लागतात. आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जीवाणूची वाढ होऊन दाह झाला की लाल, दुखरे मुरूम तयार होते. येथपर्यंतची हकीकत सर्व वर्णांच्या माणसांत सारखीच आहे. मुरूम बरे झाल्यानंतरचा भाग मात्र सारखा नाही. सावळ्या व गव्हाळ त्वचेत दाहाच्या जागी मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक प्रमाणात साठते आणि तेथे तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो. भारतीय स्त्रीला मुरुमापेक्षा त्याच्या मागे राहणाऱ्या या डागाचाच जाच अधिक होतो, आणि फाउंडेशनकडे ती वळते तीही बहुधा त्याच्याचसाठी.

हे प्रसाधन मुळात ज्या कामासाठी जन्माला आले, ते काम मात्र वेगळे होते. पोलंडमध्ये जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये चित्रपटातील नटांसाठी पातळ स्निग्ध रंग तयार केला. त्यांच्याच कारखान्याचे ‘पॅनकेक’ हे ओल्या स्पंजाने लावण्याचे वडीवजा प्रसाधन १९३० नंतरच्या दशकात रंगीत चित्रपटांकरिता निघाले आणि लवकरच सामान्य स्त्रियांसाठीही बाजारात आले. आपल्याकडे हा शब्द इतका रुळला की, कोणत्याही दाट लेपाला आजही पॅनकेक म्हटले जाते. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत काही वर्षे काम केलेले तमिळ लेखक अशोकमित्रन यांनी तेथील रंगभूषा विभागाचे मिस्कील वर्णन केले आहे. या विभागाचा प्रमुख एके काळी एक महाराष्ट्रीय गृहस्थ होता आणि त्याच्या हाताखाली धारवाडचा एक कानडी मदतनीस होता. प्रखर दिव्यांखाली, आरशांनी वेढलेल्या त्या खोलीत चांगल्या दिसणाऱ्या माणसांनाही रंगाचे थर चढवून ओळखू न येण्याजोगे केले जाई. दिव्यांच्या झोतात आणि कॅमेऱ्यासमोर त्या थरांना प्रयोजन होते. मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर, सकाळच्या उन्हात, दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसासमोर त्यांना काहीच प्रयोजन नाही. तेलकट चेहऱ्यावर दाट लेप का टिकत नाही, याचे अर्धे उत्तर या इतिहासातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर लेपाच्या घडणीत सापडते. बहुतेक द्रवरूप फाउंडेशन म्हणजे पाणी आणि तैलद्रव्य यांचे एकजीव मिश्रण होय. त्यात टायटॅनियम डायॉक्साइडची पांढरी पूड आणि लोहाच्या ऑक्साइडांचे पिवळे, तांबडे व काळे रंग कालवलेले असतात. पाणी व इतर उडून जाणारी द्रव्ये सुकली की रंगाचा पापुद्रा त्वचेवर राहतो. खालून त्वचेचा स्राव येऊन या रंगकणांना भिजवतो, आणि ओल्या मातीप्रमाणे तेही गडद दिसू लागतात. बंगळूरची तांबडी माती पहिल्या वळवाच्या सरीनंतर पाहिलेल्या कोणालाही हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून दुकानात पसंत केलेली छटा दोन तासांनी काळपट भासते, आणि ग्राहक पुढच्या वेळी आणखी फिकी छटा घेतो. परिणामी चेहरा राखाडी आणि मान सावळी, असा प्रकार लग्नसमारंभात हटकून पाहायला मिळतो.

छटेची निवड मनगटावर करू नये. जबड्याच्या कडेवर, चेहरा व मान जेथे मिळतात तेथे करावी. दोन-तीन छटांच्या बारीक रेघा ओढून दुकानाबाहेर उजेडात यावे, शक्य असल्यास तासभर थांबावे, आणि जी रेघ दिसेनाशी झाली ती छटा घ्यावी. उजळपणाच्या हौसेने एक पायरी फिकी छटा घेण्याची सवय आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे, आणि बाजारानेही ती दीर्घकाळ जोपासली. टाटा उद्योगसमूहाने १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ सुरू केल्यामुळे देशी प्रसाधने उपलब्ध झाली खरी; परंतु गडद त्वचेसाठी पुरेशा छटा ठेवाव्यात, ही जाणीव जगभरच उशिरा आली. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका नव्या प्रसाधनमालेने एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या, तेव्हा तो बातमीचा विषय झाला, यावरून काय ते समजावे.

तेलकट त्वचेसाठी पातळ, चकाकी न देणारे आणि जड तेले नसलेले फाउंडेशन बरे. वेष्टनावर ‘छिद्रे न बुजवणारे’ या अर्थाचा शब्द असल्यास तो उपयुक्त संकेत मानावा, हमी मानू नये. कारण त्या शब्दाची कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. प्रसाधनांमुळे उद्भवणाऱ्या सौम्य, चिवट मुरुमांचे वर्णन अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन व मिल्स यांनी १९७२ मध्येच केले होते. केसांच्या तेलानेही कपाळावर असाच पुरळ उठतो. रात्री डोक्याला भरपूर खोबरेल लावून सकाळी कपाळावरच्या मुरुमांसाठी फाउंडेशनला जबाबदार धरणे न्यायाचे होत नाही.

लेप लावण्यापूर्वी चेहरा सौम्य साबणाने एकदाच धुवावा. घासून काढू नये. तेलकट त्वचेलाही हलक्या आर्द्रताधारक मलमाची गरज असते. त्यावर उन्हापासून रक्षण करणारे मलम लावून काही मिनिटे थांबावे. फाउंडेशनमध्येच असे संरक्षण असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण ते पुरेसे मिळण्यासाठी जेवढा लेप लावावा लागेल, तेवढा कोणीच लावत नाही. ऊन लागत राहिले की डाग अधिक गडद होतात. मग मसुरीच्या दोन-तीन दाण्यांएवढे फाउंडेशन घेऊन चेहऱ्याच्या मध्यभागापासून बाहेरच्या बाजूला बोटांनी किंवा ओलसर स्पंजाने टिपत न्यावे. चोळल्यास ते मुरुमाच्या उंचवट्यावरून निघून त्याच्या पायथ्याशी गोळा होते. सर्व चेहऱ्यावर दुसरा थर देण्याऐवजी उरलेल्या डागांवर तेवढेच बारीक कुंचल्याने टिपावे. लाल डागांवर हिरवट रंग वापरण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांतून येथे आला. आपल्याकडील डाग बहुधा तपकिरी असल्यामुळे त्यांच्यावर तो राखेसारखा दिसतो. त्याऐवजी किंचित नारिंगी छटेचा पातळ ठिपका आधी लावावा. पावडर फक्त कपाळ, नाक व हनुवटीवर दाबावी. दुपारी चकाकी आली तर नवी पावडर थापण्यापूर्वी टिपकागदाने तेल टिपून घ्यावे. उंचवटा मात्र कोणत्याही रंगाने सपाट होत नाही, आणि फुटलेल्या वा वाहणाऱ्या पुळीवर काहीही लावू नये.

डाग लवकर जावेत म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे हा या विषयातील सर्वांत गंभीर धोका आहे. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, त्यामुळे फाउंडेशनही छान बसते. नंतर त्वचा पातळ होते, लाली येते, मुरुमे दुप्पट जोमाने उसळतात आणि मलम बंद केले की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणारी विक्री बंद करण्यासाठी नियम कडक केले. बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलिन यांसारखी मुरुमांवरची खरी औषधे परिणाम दाखवायला सहा ते बारा आठवडे घेतात, आणि तोवर धीर धरावा लागतो. दुखऱ्या गाठी उठत असतील, खड्डे पडत असतील किंवा मासिक पाळी अनियमित असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. उपचार चालू असताना हलके फाउंडेशन वापरण्यास सहसा आडकाठी नसते.

रात्री कितीही उशीर झाला तरी लेप उतरवल्याखेरीज झोपू नये. आधी ओल्या कापसावर घेतलेल्या मेकअप उतरवण्याच्या द्रवाने तो पुसावा, नंतर चेहरा धुवावा. स्पंज वापरानंतर साबणाने धुऊन उघड्यावर वाळवावा. ओलाच डबीत कोंडून ठेवलेल्या स्पंजात जंतू वाढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा चेहऱ्यावर फिरतो.