सल्ला देण्याआधी डबे बघा

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर माता-बैठका घेताना, रेशनवर चालणाऱ्या चुलींशेजारी बसताना जे उमगलं, ते आहार शिकवायला जाणाऱ्यांसाठी.

१. शिधा किती, ते आधी मोजा.
रेशनच्या प्राधान्य गटाला माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय गटाला घरामागे ३५ किलो. २०२३ पासून फुकट. ५ किलो म्हणजे माणशी दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. राबणाऱ्या माणसाचं त्यात भागत नाही. डाळ, तेल, भाजी विकतचीच. अशा घरात दूध-सफरचंद-पनीरचा तक्ता दाखवणं म्हणजे त्या बाईला तिची गरिबी वाचून दाखवणं.

२. शंका हसण्यावारी नेऊ नका.
रेशनच्या तांदळात काही वेळा वेगळे दाणे दिसतात. बायका ते ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून टाकतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून ते बनवलेले असतात. १०० किलोत १ किलो. हे भाषणानं पटत नाही. त्याच तांदळाचा भात बैठकीत शिजवा आणि सगळ्यांबरोबर आपणही जेवा.

३. सगळ्यात स्वस्त धडा बाळाच्या वाटीत आहे.
सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न हवं. बहुतेक घरांत भाताची पेज नाहीतर वरणाचं पाणी पाजतात. बाळाचं पोट इवलंसं; ते पाण्यानंच भरतं. घरच्यांसाठी शिजलेली भात-डाळच घ्या, तिखट घालण्याआधी बाळापुरती काढा, कुस्करा. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकी दाट ठेवा. वर छोटा चमचाभर तेल घाला, त्यातून ४५ उष्मांक मिळतात. वेगळी चूल नको, वेगळा खर्चही नको. म्हणून हे बायका घरी जाऊन खरंच करतात.

४. पाकीट एकाचं, खाणारी तोंडं पाच.
सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीच्या घरपोच आहारातून दिवसाला किती उष्मांक आणि प्रथिनं मिळावीत, याचा निकष ठरलेला आहे. पण मोठी भावंडं टक लावून बसलेली असताना एकट्या धाकट्याला भरवणं कुठल्या आईला जमेल? तिला रागावू नका. बाळाचा वाटा आधी काढायला सांगा. चव आवडली नाही म्हणून पाकीट शेळीपुढे गेलं, तर ती तक्रार वरपर्यंत पोचवा. त्या तक्रारीला अडाणीपणा म्हणू नका.

५. सासू आणि नवरा बैठकीत हवेत.
‘जास्त खाल्लंस तर पोर मोठं होईल, बाळंतपण अडेल,’ असं सुनेला सासू सांगते. आठवडी बाजारात पैसे नवऱ्याच्या खिशात असतात. पाच रुपयांचे बिस्किटपुडे घ्यायचे की ते पैसे साठवून पावशेर सुकट घ्यायची, हे तोच ठरवतो. एकट्या सुनेला शिकवून तिच्यावर फक्त ओझं वाढतं.

६. पाड्याला जे ठाऊक आहे, ते विचारा.
नागली, उडीद, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातल्या रानभाज्या, ओढ्यातले खेकडे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ त्याच्या जवळपासही नाही. फुकट तांदळामुळे नागलीची भाकरी मागे पडते आहे, एवढं दाखवून दिलं तरी पुरतं. बाकीचं म्हाताऱ्याच सांगतात. आपण भर घालायची ती एवढीच: पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

७. वेळ साधा.
दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्याआधीच सांगा, की रेशनकार्ड तिकडेही चालतं आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत मुलाचं नाव घालता येतं. त्या आठवड्यात पाककृतींपेक्षा ही माहिती मोलाची.

८. शिकवणं कुठे थांबवायचं, ते ओळखा.
सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषण. तिथे नागलीचे गुण सांगत बसू नका. अंगणवाडी सेविकेला बोलवा, गाडी बघा, आईची एक दिवसाची मजुरी कशी भरून निघेल ते बघा, आणि मूल दवाखान्यात पोचवा.