संकटानंतर गाव बोलतं कसं? किल्लारीच्या 'संवाद सहायक' बायका आणि आपला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'संकटातला धंदा' हा विषय घेतला. त्यात किल्लारीचा भाग वेळेअभावी पाच मिनिटांत उरकला. तो इथे जरा निवांत मांडतो, कारण माझ्या मते या विषयावर महाराष्ट्रात त्याहून चांगला धडा नाही.

विषय निघाला बोदवडच्या बॅचमध्ये. पापड-शेवयांचा उद्योग सुरू करू पाहणारी एक ताई म्हणाली, "सर, आमच्याकडे कापूस घरात आला तरच पैसा दिसते. पाऊस नाही पडला तर माझे पापड घेईल कोण?" प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. आपला तालुका पाण्याच्या बाबतीत आधीच तहानलेला. जिनिंगपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळं कापसाच्या बोंडावर. अशा ठिकाणी धंदा करायचा म्हणजे कधीतरी वाईट वर्ष येणार हे धरूनच चालायचं. मग त्या वर्षात काय करायचं, हे आधी कोणाकडून शिकायचं? ज्यांनी याहून फार मोठं सोसलं त्यांच्याकडून.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. ५२ गावं अशी उद्ध्वस्त झाली की ती दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

एवढी माणसं का गेली, हे समजून घ्या. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि तिथे इतकी जीवितहानी होत नाही. इथे घरं होती दगड-मातीची. भिंत दोन-तीन फूट जाड, बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे गोटे-माती भरलेली. दोन थरांना जोडणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर मातीचं जड माळवद. (आपल्याकडे ज्याला धाब्याचं घर म्हणतात, त्यातलाच प्रकार. आपल्या आजीच्या घराची भिंत आठवा.) भिंत हादरली की दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचं सगळं वजन खाली येतं. लोक झोपेत होते.

आणखी एक गोष्ट. किल्लारी परिसरात १९९२ पासूनच छोटे धक्के बसत होते. म्हणजे जमिनीने इशारा दिलेला होता. पण 'आपल्या भिंतीत काय कमी आहे' हे घरमालकाला त्याच्या भाषेत सांगणारं कोणी नव्हतं. माहिती असणं आणि ती माणसापर्यंत पोहोचणं यात किती अंतर असतं, ते इथे दिसतं. धंद्यातही हेच अंतर आपल्याला मारतं. पण त्याकडे नंतर येऊ.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावांची बातमी सगळीकडे झाली. मात्र त्याशिवाय तेरा जिल्ह्यांत पसरलेली, तडे गेलेली जवळजवळ दोन लाख घरं होती. ती दुरुस्त आणि मजबूत करायची होती. सरकार पैसा देणार, इंजिनिअर सल्ला देणार आणि काम घरमालक स्वतः करून घेणार, अशी पद्धत ठरली. कागदावर छान! प्रत्यक्षात गाडी अडली. लोकांनी दगडाची धास्तीच घेतली होती. जुनी भिंत मजबूत होऊ शकते यावर विश्वासच बसेना. पैसा मिळाला तर सिमेंटची एक वेगळी खोली बांधू, असं अनेकांना वाटायचं. इंजिनिअर यायचा, गावातल्या पुरुषांशी पारावर बोलायचा आणि जायचा. घरात दिवसभर वावरणाऱ्या बाईला काहीच कळायचं नाही.

इथे प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेची कल्पना कामाला आली. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमायचं. लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून जास्त गावांत ही पद्धत राबवली गेली. नाव बघा किती नेमकं आहे. साहेब नाही, ठेकेदार नाही, संवादाला साहाय्य करणारी बाई. तिचं काम काय? योजनेत कोणाला काय मिळणार ते घरोघरी सांगायचं. भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती कमी का करायची, ते समजावायचं. लोकांच्या अडचणी इंजिनिअरकडे न्यायच्या. गवंडी काम नीट करतोय का, ते बघायचं.

थोडं थांबून विचार करा. ज्या बाईने आयुष्यात कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, ती आता गवंड्याला विचारते, "दादा, हा दगड आरपार गेलाय का?" आणि शेजारीण तिचं ऐकते. का ऐकते? कारण ती स्वतः त्याच गावात, तसल्याच भिंतीच्या आड राहते. तिला कमिशन खायचं नाही. काम बिघडलं तर ती पळून जाणार नाही, उद्या विहिरीवर भेटणारच आहे.

मित्रांनो, आपण ज्याला 'मार्केटिंग' म्हणतो त्याचा गाभा हा आहे. फ्लेक्स आणि रील्स नंतर.

घरं झाली, पण या बायका थांबल्या नाहीत. बचत गट झाले, छोटी कर्जं सुरू झाली, कोणी दुकान टाकलं, कोणी शेळ्या घेतल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगितला. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही ही देवाणघेवाण झाली. भाषा वेगळी, पण घर पडलेल्या बाईला घर पडलेलीच बाई समजते.

पुढे याच जाळ्यातून बायका वस्तू विकायला लागल्या. शेतातल्या टाकाऊ मालाच्या गोळ्यांवर चालणारी 'ऊर्जा' नावाची कमी धुराची चूल त्यांनी गावोगाव विकली. पुढे कच्चा माल महागला, गोळ्या परवडेनात आणि घरगुती चुलीचा तो धंदा ओसरला. हे मुद्दाम सांगतोय. विश्वासाचं जाळं कितीही पक्कं असलं तरी हिशोब जुळला नाही तर माल चालत नाही. पण जाळं शिल्लक राहतं आणि त्यावर पुढचा माल चढतो. मराठवाड्यात दुष्काळ पडला तेव्हा याच बायकांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर तुकडा मागून घेतला आणि कमी पाण्यावर भाजी, डाळी, धान्य असं घरात लागणारं पिकवलं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार या संस्थेला मिळाला.

आता आपल्या बोदवडच्या ताईकडे येऊ. वाईट वर्षात तिने काय करायचं?

वाईट वर्ष आलं की दुकानदाराची पहिली सवय म्हणजे गप्प बसणं. ज्याचं देणं आहे त्याचा फोन उचलत नाही आणि ज्याच्याकडे येणं आहे त्याला टाळतो. मग गावात चर्चा सुरू होते, "त्याचं काही खरं नाही." ही चर्चा नुकसानीपेक्षा जास्त महाग पडते. म्हणून सगळ्यात आधी माल देणाऱ्याशी बोला. उडदाची डाळ देणाऱ्या व्यापाऱ्याला सरळ सांगा, "भाऊ, यंदा अर्धाच माल उचलते, पण पैसे दर महिन्याच्या दहा तारखेला देते." तारीख सांगा आणि पाळा. 'बघू, देऊ' म्हणू नका.

मग गिऱ्हाईक. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड नको, नाव घेऊन लिहा. उदाहरणार्थ: "नमस्कार काकू. यंदा सगळ्यांचीच ओढाताण आहे म्हणून पाव किलोचं छोटं पाकीट काढलंय. चव तीच आहे. लागलं तर सांगा, संध्याकाळी घरी देऊन जाईन." यात रडणं नाही, फुशारकी नाही, आणि काकूला नाही म्हणायची मोकळीक आहे. पाकीट लहान करा, माल हलका करू नका. हलका माल एकदा खाल्लेलं गिऱ्हाईक चांगल्या वर्षात परत येत नाही.

उधारीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दुष्काळात उधारी बंद करणाऱ्याला गाव विसरत नाही आणि सगळ्यांना देणारा स्वतः बुडतो. महिन्याला किती रुपये अडकले तर चालतील, तो आकडा आधी ठरवा आणि तेवढ्यातच द्या.

आणि कागद! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्यात गेली. असं झालं तर सकाळी तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा तुम्ही काय दाखवणार? वही भिजली तर उधारीही गेली. दर महिन्याला उधारीच्या पानांचे, खरेदीच्या बिलांचे आणि दुकानातल्या मालाचे फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. दुकानाचा आग-पुराचा विमा काढताना कोणता माल आणि कोणती जागा त्यात धरली आहे, ते वाचूनच सही करा.

घरचा अभ्यास: तुमच्या गल्लीत, बचत गटात किंवा बाजारात असा एक माणूस शोधा ज्याचं म्हणणं लोक ऐकतात आणि ज्याला तुमच्याकडून काही मिळवायचं नाही. त्याला किंवा तिला तुमचा माल फुकट देऊ नका. आधी विचारा, "माझ्या मालात कमी काय आहे?" उत्तर वहीत जसंच्या तसं लिहा आणि पुढच्या शनिवारी बॅचला घेऊन या. त्या उत्तरांवरूनच आपण भाव कसा ठरवायचा तो भाग सुरू करू.